एका शटरची दोन कुलपं

नवी पेठेतल्या आमच्या दुकानाच्या शटरवर काही महिने दोन पाट्या होत्या. डावीकडच्या पाटीवर लिहिलं होतं, 'दुकान विकणे आहे'. उजवीकडच्या पाटीवर, 'दुकान भाड्याने देणे आहे'. डावी पाटी फ्लेक्सची होती, निम्म्याहून जास्त शटर तिनेच व्यापलेलं, आणि तिच्यावर विकणाऱ्याचा हात जोडलेला, काळा चष्मा लावलेला फोटो. उजवी पाटी पत्र्याची. ती मी घरी ब्रशने रंगवली होती. माझं अक्षर चांगलं आहे असं मला तोवर वाटत होतं. त्या फ्लेक्सशेजारी ते कुणीतरी लिहून दिलेल्या माफीनाम्यासारखं दिसायचं.

फोटोतला माणूस माझा चुलतभाऊ, माझ्याहून काही वर्षांनी मोठा. घरात त्याला लहानपणापासून अण्णा म्हणतात. पुढे सगळा वॉर्ड अण्णा म्हणू लागला, तेव्हा घरच्यांना वेगळी अशी हाकच उरली नाही. दुकान विकायच्या पाटीवर फोटो कशाला, असं एजंटने त्याला विचारलं होतं म्हणे. अण्णा म्हणाला, "लोकांना कळाय नको का, कुणाचं हाय ते?" फोटोखाली 'भावी नगरसेवक' असं होतं. महापालिकेची निवडणूक इतकी वर्षं लांबत गेली की भावी असण्याचा त्याच्याइतका दांडगा अनुभव शहरात फार थोड्यांच्या गाठीशी असेल. त्याच्याही खाली 'युवकांचे आशास्थान'. अण्णाची साठी उलटून बराच काळ लोटला आहे.

दुकान मूळचं माझ्या वडिलांचं आणि काकांचं. दोरे, बटणं, लेस, अस्तर, हुक. शहरातले शिंपी तिथे उभ्या उभ्या चहा घ्यायचे आणि एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे. तयार कपड्यांनी आधी शिंपी खाल्ले, मग आमचं दुकान. वडील गेले, पाठोपाठ काका गेले, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अण्णाचं आणि माझं नाव एकाखाली एक आलं. तेवढीच एक जागा, जिथे आम्ही अजून शेजारी होतो.

आम्ही बोलत नाही. कारण सांगायला मला कधीच संकोच वाटलेला नाही. काका गेले तेव्हा अण्णाने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावर गेलेल्या काकांचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा होता आणि शोकाकुल अण्णाचा दाराएवढा. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत मी विचारलं, "यातलं गेलंय कोण?" काहीजण हसले. जे हसले त्यांच्याशी अण्णा नंतर बोलू लागला, कारण त्यांची मतं होती. माझं एकच मत, आणि ते त्याला मिळणार नाही हे तो ओळखून होता.

दुकान विकून त्याला निवडणूक लढवायची होती. मला ते हवं होतं माझ्या मुलीसाठी.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. एका खासगी रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर ती पगारावर काम करायची. तिच्याकडे येणारी माणसं म्हणजे गुडघे गेलेल्या बायका, मणक्याचे म्हातारे आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले यंत्रमागावरचे कामगार, ज्यांचा खांदा वर जात नाही. लिफ्ट बंद पडली की ही सगळी मंडळी जिन्यात बसायची. गुडघ्यावरचे उपचार घ्यायला आधी गुडघ्यांनीच दोन मजले चढायचे, या व्यवस्थेवर ती रोज घरी येऊन चिडायची. तिला तळमजला हवा होता, गावाच्या मध्यात, जिथे बसमधून उतरलं की पन्नास पावलांत माणूस आत येईल. शहराच्या टोकाला जुळे सोलापुरात जागा मिळत होत्या, पण तिचे पेशंट तिथवर रिक्षा करून येणारे नव्हते. शहराच्या मध्यात एका गाळ्याचं भाडं ऐकून ती घरी येऊन नुसतीच बसली होती. आणि आमचं दुकान, रस्त्याला लागून, एका पायरीचं, दोन कुलपं लावून बंद.

मी एका नातेवाइकामार्फत अण्णाला निरोप पाठवला की तुझ्या हिश्श्याचं भाडं रीतसर देऊ. उत्तर आलं, "घरच्या भाडेकरूला बाहेर कोण काढणार? मास्तरांना सांगा, पुस्तकात असलं काय लिहिलेलं असंल तर दाखवा." मी मास्तर नव्हतो. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पण ज्याच्या हातात पुस्तक दिसेल तो मास्तर, अशी अण्णाची सरळ विभागणी आहे.

म्हणून मी ती पत्र्याची पाटी लावली. मला भाडेकरू नको होता. मला विकत घेणारा पळवायचा होता. एकाच शटरवर विकणे आणि भाड्याने देणे असं दोन्ही दिसलं की शहाणा माणूस दोन्ही नंबरांवर फोन करतो, आणि मग एकही नंबर परत लावत नाही.

तरी काहीजण यायचे. आले की दुकान दाखवावं लागे, आणि दुकान दाखवायचं तर आम्ही दोघंही हजर लागत असू, कारण शटरचं डावं कुलूप अण्णाचं होतं आणि उजवं माझं. भांडणातल्या मिळकतीला दोन्ही बाजूंनी आपापलं कुलूप घालणं ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे दुसऱ्याला जागा वापरता येत नाही. आपल्यालाही येत नाही, पण ते दुय्यम.

एकदा एजंट उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावचे शेतकरी घेऊन आला. केळी चांगली लागली होती. धाकट्या मुलाला शहरात मोबाइलचं दुकान काढून द्यायचं त्यांच्या मनात होतं. स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला टोपी, आणि सगळं बारकाईने बघायची सवय.

"मास्तरांना सांगा कुलूप काढायला," अण्णा एजंटला म्हणाला. मी एजंटच्या कोपराला कोपर लावून उभा होतो.

"अण्णांना सांगा, पहिला मान त्यांचा," मी म्हणालो. "पाटी त्यांची मोठी आहे."

 एजंट आमच्यामध्ये उभा राहायचं काम करत होता आणि तेवढं नीट करत होता. आम्ही दोघंही वाकलो, आपापली कुलपं काढली, आणि शटरला दोन टोकांनी हात घालून ते वर ढकललं. ते तिरकं वर गेलं, कारण अण्णाने जोर जास्त लावला.

पाहुण्यांनी भिंतींवर टिचकी मारली, माळ्याकडे पाहिलं. "वरनं गळतंय का?"

"छ्या. जुनं दगडी काम हाय," अण्णा म्हणाला.

"यांना सांगा," मी एजंटला म्हणालो, "मागच्या कोपऱ्यात बादली आहे, ती शोभेची नाही. आणि जयंतीची मिरवणूक गेली की स्पीकरने माळ्यावरची माती खाली येते."

"मास्तरांना म्हणावं, मिरवणूक शहराची शान असती."

"अण्णांना म्हणावं, स्वागताध्यक्ष तेच असतात. झाडू घेऊन स्वागताला यावं."

पाहुणे एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "तुमी दोगं सख्खे का चुलत?"

"चुलत," आम्ही दोघं म्हणालो.

"तरीच. सख्खे असता तर एवढ्यात कोर्टात असता." त्यांनी पुन्हा एकदा छताकडे पाहिलं. "दुकान झ्याक हाय ओ. जागा बी मोक्याची हाय. पर ह्याच्यासंगट तुमी बी येताय की."

ते गेले. एजंट त्यांना सोडायला गेला आणि परत आला नाही. मध्ये बोलायला कुणी नसल्यामुळे आम्ही शटर मुकाट्याने खाली ओढलं. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.

पुढच्या खेपेला एजंटच माझ्या घरी आला. चहा घेऊन म्हणाला, "सर, मी दोन्हीकडनं फुकट चप्पल झिजवतोय. वाटून घ्या की. अण्णांचा अर्धा अण्णा विकतील, तुमचा अर्धा ताईंना द्या." अण्णाशी तो आधीच बोलून आला होता. अण्णा तयार होता, कारण अर्धं दुकान त्याला मला न विचारता विकता येणार होतं. मीही तत्काळ तयार झालो. अण्णाला विचारल्याशिवाय काही करता येणार, एवढ्याच कल्पनेने माझी मान ताठ झाली. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि तिच्यासारखा मूर्खपणा दोघांनीही स्वतंत्रपणे कधी केलेला नव्हता.

दुकान खोलीला बरंच आहे, पण रुंदीला जेमतेम दहा फूट. शहाण्या माणसाने ते पुढचं आणि मागचं असं वाटलं असतं. पण पेठेत दुकानाची सगळी किंमत तोंडाला असते. मागचा भाग कोण घेणार? अण्णा घेणार नव्हता, म्हणून मीही घेणार नव्हतो. तेव्हा वाटणी उभी करायची ठरली, रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, मधोमध.

गवंडी आला. त्याने मध्यावर दोरी धरली आणि विचारलं, "भिंतीची जाडी कुणाच्या अंगाला?"

हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. भिंत एका विटेच्या रुंदीची, म्हणजे चार बोटं. ती चार बोटं कुणाची, यावर दुपारपर्यंत वाद झाला, अर्थातच गवंड्याच्या मार्फत. तो बिचारा डावीकडे एक वाक्य बोलायचा आणि उजवीकडे तेच वळून बोलायचा. शेवटी दोरी विटेच्या मध्यातून जाईल असं ठरलं, आणि दोघांनीही आपला विजय झाला असं मानलं. मग पंखा. तो छताला बरोबर मधोमध टांगलेला होता, आमच्या वडिलांनी आणि काकांनी मिळून घेतलेला. काढायला दोघंही तयार नव्हतो. गवंड्याने पंख्याच्या खाली हातभर जागा सोडून भिंत थांबवली. पंखा दोन्हीकडे वारा देणार होता. त्याचं बटण अण्णाकडे गेलं. नळ माझ्याकडे आला.

भिंत पुढे येत येत शटरपाशी पोचली तेव्हा गवंडी थापी हातात धरून म्हणाला, "मालक, आन् दाराचं काय?"

शटर एकच होतं. त्याची दोन करायची तर मध्ये खांब उभा करून, जुनं काढून, दोन नवी बसवावी लागणार होती. अण्णाचं म्हणणं, ज्याला दवाखाना काढायचाय त्याने बसवावं. माझं म्हणणं, ज्याला विकायचंय त्याने बसवावं. "ते बघू," दोघंही म्हणालो. गवंड्याने भिंत शटरच्या वीतभर अलीकडे सोडली आणि निघून गेला.

आता आमच्याकडे स्वतंत्र अशी दोन दुकानं होती, आणि त्यांतलं कुठलंही दुसऱ्याच्या किल्लीशिवाय उघडत नव्हतं.

मुलगी बघायला आली ती रुग्णालयातून परस्पर. मी आपल्या बाजूच्या नळाला पाणी येतं हे तिला सोडून दाखवलं. पलीकडे अण्णा कुणालातरी त्याची बाजू दाखवत होता. पंख्याखालच्या फटीतून त्याचा आवाज येत होता, "सरळ जागा हाय, काय अडचण न्हाई." मुलीने पिशवीतून मोजायची टेप काढली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धरली. मग मला म्हणाली, "बाबा, जरा चाला."

"कुठे?"

"आत जा आणि वॉकर धरल्यासारखं करून मागे वळा."

मी वळलो. माझं कोपर भिंतीला लागलं.

"इथं उपचाराचा पलंग लागला, असं समजा. आता वळा."

मी वळलो नाही. ती टेप गुंडाळत होती. ती नेहमीपेक्षा सावकाश गुंडाळत होती.

"निम्मं तरी आपल्या हातात आलं," मी म्हणालो.

"मला निम्मं नको होतं. मला दवाखाना हवा होता." तिने हळू आवाजात सांगितलं, कारण फट होती. "पुढच्या महिन्यात रुग्णालयवाले माझ्याकडून तीन वर्षांची हमी लिहून घेणार आहेत. नाही दिली तर जा म्हणतील. दिली तर मी त्याच जिन्यात."

त्यानंतर तिने विषय काढला नाही. मला वाटलं, ती माझ्यावर रुसली आहे. त्यात मला थोडं समाधानही होतं. रुसलेलं माणूस निदान आपल्या बाजूचं असतं.

काही दिवसांनी मी दूध आणायला चौकात गेलो तर डोक्यावर नवा फ्लेक्स. अण्णा, हात जोडलेले, या वेळी फेटा बांधून. वर मोठ्या अक्षरांत 'लवकरच आपल्या सेवेत'. खाली 'भावी नगरसेवकांच्या शुभहस्ते फिजिओथेरपी दवाखान्याचे उद्घाटन व मोफत गुडघेदुखी तपासणी शिबिर'. पत्ता आमच्या दुकानाचा होता. दवाखान्याचं नाव शोधावं लागत होतं. ते अण्णाच्या मनगटी घड्याळाच्या खाली सापडलं.

मी दूध न घेताच घरी आलो. मुलगी डबा भरत होती.

"तू त्याच्या घरी गेलीस?"

"हो. वाढदिवस होता त्यांचा. शाल घेऊन रांगेत उभी राहिले."

"पाया पडलीस?"

"पडले. मोठे आहेत. खाली वाकले तेव्हा दिसलं, त्यांचा उजवा गुडघा सुजलाय."

"त्या माणसापुढे हात पसरायचा?"

"तुमच्यापुढे पसरून काय झालं? भिंत झाली." तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. "मी त्यांना म्हटलं, अण्णाकाका, अर्धं दुकान कोण घेईना झालंय, हे तुम्हालाही दिसतंय. मला भाड्याने द्या. रजिस्टर करार करू. सोडा म्हणाल तेव्हा सोडेन, तसं लिहून देते. वर उद्घाटन तुमच्या हातचं, शिबिर तुमच्या नावाचं. दुकान विकून एकदाच बॅनर लागतील, इथं वॉर्डातली माणसं रोज येतील."

"असं बोललीस?"

"तुमच्याकडूनच ऐकत आलेय, ते कशाने खूश होतात ते."

 वर्षानुवर्षं मी जेवताना अण्णाची टिंगल करत होतो, आणि ही समोर बसून अभ्यास करत होती.

मग तिने दुसरा करार माझ्यापुढे ठेवला. तिने दोन्ही सारखेच करून घेतले होते, एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. मधली भिंत पाडायची, ही अट मला अपेक्षित होती. तिच्या खालची नव्हती. जागेच्या मालकाने दवाखान्याच्या वेळेत जागेत बसायचं नाही.

"हे बरं केलंस," मी म्हणालो. "तो कार्यालयच थाटेल तिथे."

"दोघांनाही आहे ते, बाबा."

मी माझ्या खुर्चीची वेताची बैठक नुकतीच नव्याने विणून घेतली होती. दाराजवळ बसावं, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यावीत, मधल्या वेळात वाचावं, असा माझा हिशेब होता. निवृत्तीनंतर घरात बसून मी काय वाचतो याची चौकशी करणारंही कुणी उरलेलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण खुर्ची हॉलमध्येच होती.

"तुम्ही बसलात की तेही येऊन बसणार," ती म्हणाली. "ते बसले की त्यांच्यामागं पाचजण. मग माझ्यासमोर एखादी बाई गुडघ्यापर्यंत साडी कशी वर घेणार? अण्णाकाकांनी सही केलीय. तुम्ही नाही केली तर मी त्या हमीपत्रावर करते."

मी चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता. सही केली.

भिंत पाडायला तोच गवंडी आला. पहिली वीट काढण्याआधी त्याने विचारलं, "मालक, विटा ठिवू का? पुन्हा बांदायची झाली तर?" हे त्याने मनापासून विचारलं होतं. पंखा राहिला. राडारोडा कोणी उचलायचा यावर पुन्हा वाद झाला आणि गवंड्याने कंटाळून पायरीच्या दोन अंगांना दोन सारखे ढीग घातले. ते उद्घाटनापर्यंत तसेच होते. अण्णाच्या माणसांनी त्याच्या ढिगावर हिरवं जाळीचं कापड टाकून कुंड्या ठेवल्या. मी माझा ढीग तसाच ठेवला.

उद्घाटनाला अण्णाने भाषण केलं. आमचं घराणं सेवेसाठीच ओळखलं जातं, असं तो म्हणाला. आमच्या घराण्याने पन्नास वर्षं बटणं विकली. मग त्याने वडिलांची आठवण काढली, काकांची काढली, आणि 'आमचे बंधू, जे वाचनात गढलेले असतात' असंही म्हणाला. लोकांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला नाही. त्याने फीत कापली. त्याआधी आम्ही दोघं वाकलो होतो, आपापली कुलपं काढली होती आणि शटर वर ढकललं होतं. तेही तिरकंच गेलं. मुलीने आमच्यासमोर तळहात धरला. आधी अण्णाने त्यावर किल्ली ठेवली, मग मी. तिने दोन्ही एका कड्यात ओवल्या आणि एप्रनच्या खिशात टाकल्या.

फोटो संपले, पेढे संपले, अण्णाचे लोक पुढच्या कार्यक्रमाला निघाले. अण्णा थांबला, कारण गाडी यायची होती. मी थांबलो, कारण तो थांबला होता. आत एक म्हातारी भिंतीला धरून बसली होती, आणि मुलगी तिच्यासमोर गुडघे टेकून तिचा पाय हातात घेऊन सावकाश वाकवत होती. एकदा तिने वर पाहिलं आणि आम्हाला दारात बघितलं.

"काका, बाबा, जरा बाहेर," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

आम्ही पायरी उतरलो. अण्णा आपल्या ढिगापाशी उभा राहिला, मी माझ्या. ऊन चांगलं तापलं होतं. तेवढ्यात एक कामगार सायकल हाताने ढकलत आला. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, अंगावर सुताची बारीक लव होती. सायकल त्याने माझ्या ढिगाला टेकवली.

"डाक्टरबाई हितंच का?"

"आत," अण्णा म्हणाला.

"सरळ आत," मी म्हणालो. "एकच पायरी आहे."

त्याने आम्हा दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं. "तुमचा नंबर आदी हाय का? मग बसा की आत सावलीला. हितं उन्हात कशापायी उभं ऱ्हायलाय?"

अण्णाने काळा चष्मा सारखा केला. मला उत्तर सुचायच्या आत तोच म्हणाला, "आमी मालक हाय."

कामगाराला ते पुरेसं वाटलं नसावं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग चप्पल काढून आत गेला.